तिच्या हातचे अन्न

पिंपळझोरा, ता. झरी जामणी
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय भाऊ प्रफुल्ल,
सप्रेम जयभीम.

पत्र पाहून घाबरू नको, कोनी मेलं नाही. ह्या जमान्यात बाई कागदावर काहून लिहून राह्यली म्हनून डोकं खाजवशीन, तं आधी तेच सांगते. आमच्या फोनचा कानाकडचा आवाज गेला. आता तो फक्त स्पीकरवर बोलते. रेंज पायजे तं पानठेल्याच्या ओट्यावर उभं राहा लागते, आन तिथं चार मानसं पत्ते कुटत बसली असते. त्याइच्यासमोर मी तुले काय सांगू, दिवसातून किती बार परसाकडं पळते ते?

पोळ्याच्या आधी गावात उलट्या-जुलाबाची साथ आलती. अर्धं गाव पडलं होतं. नर्सबाई म्हने, व्हायरल हाय, चार दिवसांत जाईन. गावाचं गेलं. माहंच राह्यलं. महिना उलटला, अजून जेवली की पोट गुडगुड करते आन मुरडा येते. बरं, त्याले काही नियम असावा का नाही? परवा मिरच्याचा ठेचा आन भाकर खाल्ली, काही नाही झालं. काल दूधभात खाल्ला, पोटाले गरीब असते म्हनून, तं तीन बार पळाली. तुहे भाऊजी माहं वजन उतरलं म्हनून रोज अर्धा लिटर दूध आनून देते, समोर बसून पाजते. तेवढा जीव लावते मानूस, पन पोटाले काही समजत नाही.

झरीच्या दवाखान्यात गेलती. रक्त पाह्यलं, लघवी पाह्यली, संडासची डबी बी देल्ली. सगळं नॉर्मल म्हनते. मले तं हेच समजत नाही, की रिपोर्ट खोटा हाय का पोट.

शाळेतलं खिचडीचं काम सुरू हाय. हंसाबाई सोबतीले हाय, खिचडीनं भरलेला जड गंज तीच उचलते. साधनाले आन तुह्या लेकराइले आशीर्वाद. तुले चार लोकांत उठनं-बसनं हाय, कोनाले विचारून सांग. पन माहं नाव सांगू नको.

तुही बाई,
कांता


पांढरकवडा
१ ऑक्टोबर २०२४

ती. बाईस,
सविनय जयभीम.

तुझे दि. २२ चे पत्र मिळाले, मजकूर समजला. हसू नको, दिवसभर ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मालाच्या बिल्ट्या लिहून हात असाच चालतो.

तुझे नाव न सांगता चार जणांना विचारले. आमचे मालक म्हणाले, ओवा आणि काळे मीठ. एक हैदराबादचा ड्रायव्हर म्हणाला, बेलाचा मुरंबा. साधनाची आई म्हणाली, नजर. मोबाईलवर पाहिले तर त्यात एवढे रोग निघाले की मला स्वतःलाच मळमळले, म्हणून बंद केला. माझे मत विचारशील तर तुला अशक्तपणा आहे. आजारपणात अंगातली ताकद गेली, ती भरून आली की पोट आपोआप ठिकाणावर येईल. म्हणून ताकदीच्या पावडरचा मोठा डबा एसटीने पाठवत आहे. गरम दुधातून दोन वेळा घे. खाडा करू नको.

शाळेत जरा बेताने. पंचावन्न लेकरांचा गंज काही गंमत नाही. तू ऐकणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. तुझ्या जिद्दीला आपल्या घरात तोड नाही. पण पोट जिद्द ओळखत नाही ग बाई.

तुझा,
प्रफुल्ल


पिंपळझोरा
२४ ऑक्टोबर २०२४

प्रिय प्रफुल्ल,
जयभीम.

डबा भेटला. तू सांगतलं तसा दोन बखत घेऊन राह्यली, एक बी खाडा नाही. गोड हाय, वास चांगला हाय. पन खरं सांगू, पोट आधीपेक्षा जास्त बिघडलं. आता फुगते बी. तुहे भाऊजी म्हनते, दवा आधी रोग बाहेर काढते, मंग बरं करते. असन बाप्पा. मले तं सगळंच धुकं झालं हाय.

यंदा दीक्षाभूमीले नाही गेली. बावीस वर्षांत पह्यल्यांदा चुकली. गाडी दाराशी उभी होती, बायका हाका मारत होत्या, आन मी मनातल्या मनात हिशेब करत होती की नागपूरपर्यंत गाडी कितीदा थांबवा लागन. नाही जात म्हटलं. घरात येऊन लय रडली.

आता जे लिहिते ते कोनाले सांगू नको. साधनाले बी नाही.

तुले माहीत हाय, लेकराइले वाढायच्या अर्ध्या घंट्याआधी आमी खिचडी खाऊन पाहा लागते. आधी आमी, मंग सर, मंग चव रजिस्टरवर सही. दोन महिने झाले, मी चव घेतली नाही. चमचा तोंडाशी नेते आन पोटात कळ येईन म्हनून खाली ठेवते. हंसाबाई खाते, आन मी सही करते. आठ वर्षांत एक खोटी सही नव्हती माही. आता किती झाल्या, मोजत बी नाही.

आन त्याहून मोठं एक भेव हाय. हा रोग माह्या अंगात अजून बसला असन तं? मी साबनानं हात धुते, परत धुते, कातडं सोललं. तरी कांदा चिरतानी वाटते, ह्या हातातून लेकराइच्या पोटात काही जात तं नसन?

तुले आठवते न, दोन हजार सोळात मी कामाले लागली तवा चार घरच्यांनी अर्ज देल्ला होता. आपल्या वस्तीतल्या बाईनं शिजवलेलं त्याइच्या लेकराइले चालत नव्हतं. त्याचं उत्तर तूच लिहून देल्लं होतं. दीड वर्ष त्याइचे नऊ पोरं घरून डबे आनत, भिंतीकडं तोंड करून खात. मी रोज त्याइच्या वाट्याची खिचडी शिजवत गेली. मंग एक दिवस त्यातली एक पोरगी ताट घेऊन गंजाजवळ आली आन म्हने, मावशी, मले बी. आज त्याच घरचे लेकरं दोन-दोनदा मागते. मले कोनी सरकारी बक्षीस देल्लं असतं तं एवढं वाटलं नसतं.

आन आता माह्याच हातानं त्याइले काही झालं तं? काय करू समजत नाही. काम सोडू का? सोडलं तं काहून सोडलं म्हनून गाव विचारन, काय सांगू?

तुही,
कांता


पांढरकवडा
९ नोव्हेंबर २०२४

ती. बाईस जयभीम.

पत्र वाचून फार वाईट वाटले. दिवाळीच्या गर्दीत उत्तराला उशीर झाला. तुझ्या मनात काय आहे ते मी ओळखले. तुला काम झेपत नाही, आणि तोंडाने म्हणायला तुझी जीभ रेटत नाही. लहानपणापासून तू अशीच. तापात फणफणत असली तरी 'मले काही नाही झालं' म्हणायची.

तर आता तू काही करू नको. योग्य ती कार्यवाही मी केली आहे. दोन महिने आराम मिळेल, तुझ्या नावाला धक्का लागणार नाही, आणि तुला कोणापुढे तोंड उघडावे लागणार नाही. भाऊ कशासाठी असतो?

पावडर संपली असेल तर कळव. आणखी एक डबा घेऊन ठेवला आहे.

तुझा,
प्रफुल्ल


पिंपळझोरा
२ डिसेंबर २०२४

प्रफुल्ल,

जयभीम.

शुक्रवारी शाळा समितीची मिटिंग झाली. मले बोलावलं. मी गेली आपली, वाटलं तेलाचं काही असन. बबनराव आता समितीचे अध्यक्ष हाय. त्याइनं एक कागद काढला आन वाचला. तुहा अर्ज. खाली तुही सही, लफ्फेदार.

मी आजारी हाय हे वाचलं. दोन महिन्यांपासून चव घेत नाही हे बी वाचलं. तिथं हंसाबाईची मान खाली गेली, ती बिचारी फुकट सापडली. मंग हे वाचलं: "तरी सदर महिलेच्या हातचे अन्न लहान बालकांस देणे योग्य नाही."

बबनरावनं ते वाक्य दोनदा म्हटलं. दुसऱ्या बारी कागदाकडं पाह्यलं बी नाही.

त्याच हप्त्यात दोन पोरं सीताफळं खाऊन जुलाबले होते. आता ते बी माह्याच नावावर. मले कामावर येऊ नको म्हनून सांगतलं. दोन महिने नाही, पुढचं सांगेपर्यंत. सर बोलाले उठले तं बबनराव म्हने, आमी कुठं काही म्हनतो, तिच्या सख्ख्या भावानं लिहून देल्लं.

मी तुले इचारलं होतं रे, काय करू म्हनून. कर म्हनून नव्हतं सांगतलं.

ते वाक्य मी याआधी कुठंतरी ऐकलं हाय. कुठं, ते आठवून नाही राह्यलं. डोकं चालत नाही. राती झोप नाही, दिवसा भूक नाही. तुहे भाऊजी दूध घेऊन मांगं लागते, त्याइच्यावर बी ओरडली.

कांता


पांढरकवडा
८ डिसेंबर २०२४

बाई,

तुझे पत्र ऑफिसातच उघडले आणि बिल्ट्या तशाच टाकून घरी आलो. मी चांगल्यासाठी केले ग. तुला रजा मिळावी, बदली बाई मिळावी, एवढाच हेतू होता. कारण जोरदार असल्याशिवाय अर्ज मंजूर होत नाही, म्हणून थोडे जोरात लिहिले. घाईत लिहिले. ते वाक्य कसे पडले मलाही सांगता येत नाही.

साधनाने दोन दिवस मला एकट्यालाच जेवायला वाढले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, बाईंना आधी चांगल्या डॉक्टरकडे न्यायचे सोडून तुम्ही अर्ज काय लिहीत बसले?

इथे डॉ. अलफिया म्हणून एक मॅडम आहेत, पोटाच्या आजाराचे शिक्षण घेऊन आल्या आहेत. पंधरा तारखेचा नंबर लावला आहे. रविवार आहे, मी स्वतः गाडी घेऊन न्यायला येतो. वाटेत जिथे म्हणशील तिथे, जितक्यांदा म्हणशील तितक्यांदा थांबवू. नाही म्हणू नको. शिव्या गाडीत दे.

प्रफुल्ल


पिंपळझोरा
५ जानेवारी २०२५

प्रिय प्रफुल्ल,
जयभीम.

त्या दिवशी गाडीत मी शिव्या देल्ल्या नाही म्हनून राग गेला असं समजू नको. गाडीत तुही पोरगी होती.

मॅडमनं सांगतलं तसं सुरू हाय. तुह्या भाऊजीले मी पाच बार समजावलं तरी त्याइले पटेना, मंग मॅडम जशा बोलल्या तसं बोलून दाखवलं: पूर ओसरला तरी वावरात गाळ राह्यते, तसं तुमच्या आतड्याचं झालं हाय. रोग गेला, नासाडी राह्यली. भरून याले महिने लागते, कोनाले वर्ष लागते. दूध पचवनारं जे आत असते ते धुऊन गेलं, म्हनून सध्या दूध बंद. हे ऐकून ते बाहेर जाऊन बसले. मी पाह्याले गेली तं म्हने, म्हंजे चार महिने मी तुले जहरच पाजत होतो का वं? म्हटलं, नाही हो, जहर असतं तं मी कवाच गेली असती. हसू बी येत होतं आन रडू बी. आन तुहा डबा, प्रफुल्ल, तो बी दुधाचाच होता.

दूध सोडून तीन हप्ते झाले. फुगनं थांबलं, पळापळ अर्ध्यावर आली. पन कवा कवा काही कारन नसता बी कळ येते. काल सकाळी काही खाल्लं नव्हतं, तरी आली. मॅडम म्हने, मनाच्या घोरानं बी येते. आता घोर कसा बंद करा, त्याची गोळी त्याइनं देल्ली नाही.

मॅडमनं कागदावर लिहून देल्लं की माह्यापासून कोनाले काही लागत नाही, स्वयंपाक कराले हरकत नाही. मी तो बबनरावच्या हातात नेऊन देल्ला. पाह्यला, घडी केली, खिशात टाकला. म्हने, डॉक्टरचा कागद ठीक हाय, पन लोकाइच्या मनाचं काय? भावाचा अर्ज तं फायलीत हाय न.

घरी येत होती आन पुलावर पाय थांबले. आठवलं. ते वाक्य मी दोन हजार सोळात ऐकलं होतं, त्याच शाळेत, त्याच खोलीत. चार घरच्यांच्या अर्जातलं वाक्य हाय ते. तवा बी बबनरावनंच वाचलं होतं, पह्यली सही त्याइचीच होती. म्हनून त्याइले कागदाकडं पाहा लागलं नाही.

त्याइचं वाक्य तुह्या अर्जात कसं आलं? मले खरं सांग. घाईत पडलं म्हनू नको. घाईत हातून पोळी जळते. असं वाक्य पडत नाही.

कांता


पांढरकवडा
११ जानेवारी २०२५

बाई,

मागच्या पत्रात मी खोटं बोललो. कसं पडलं ते मले माहीत होतं.

आमच्या धंद्यात कोनी कागद कोरा लिहीत नाही. जुना समोर ठेवतो, नाव-तारीख बदलतो. तुह्या शाळेचा विषय होता म्हनून मी घरची फाईल काढली. त्यात सोळा सालच्या तक्रारीची झेरॉक्स होती आन तिच्या खाली माह्या उत्तराची. माह्या उत्तरात तू कशी स्वच्छ, कशी मेहनती, हेच होतं. ते रजेच्या कामाचं नव्हतं. तक्रारीची भाषा कामाची वाटली. 'हातचे अन्न योग्य नाही' हे वाचलं, तं मनात म्हटलं, बरोबर बसते, बाई आजारी हाय न. 'आमच्या बालकांस' होतं तिथं 'लहान बालकांस' केलं. एवढाच बदल. दहा मिनिटांत अर्ज झाला, आन मी चहा प्यालो.

कोनाचं वाक्य हाय, कायले लिहिलं होतं, हे मनात आलंच नाही. ज्या कागदासाठी मी तवा तीन रात्री जागलो होतो, त्याच कागदावरून उतारा केला. मले माह्याच हाताची शिसारी येऊन राह्यली. साधनाले सांगतलं तवा तिनं फाईल उचलून माह्यापुढं ठेवली.

मी येतो. समितीपुढं उभा राह्यतो. अर्ज मागं घेतो म्हनून दुसरा अर्ज लिहिनार नाही, तोंडानं बोलतो. तुले चालन का, ते आधी सांग.

प्रफुल्ल


पिंपळझोरा
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रफुल्ल,
सप्रेम जयभीम.

मी ये म्हटलं तसा तू मिटिंगले आला, पन लगेच निघून गेला. भाकर खायले बी थांबला नाही. त्याच्या मांगून काय काय झालं ते लिहिते.

तू दोन्ही कागद टेबलावर बाजू-बाजूनं ठेवले आन म्हटलं, हे वाक्य माहं नाही, मी इथून चोरलं, ज्याइचं हाय त्याइनं ते आपलं म्हनून वाचावं. तू गेल्यावर बबनरावनं दोन्ही कागद बाजूला सारले. म्हने, ते जुनं झालं. सर म्हने, जुनं असन तं फायलीतून काढा, आन डॉक्टरचा कागद लावा. त्याइले खिशातून कागद काढाच लागला, तिथंच होता तो. घडीवर फाटला होता.

एक तारखेपासून मी कामावर हाय. पह्यल्या दिवशी हंसाबाईनं गंज उतरवला आन चमचा माह्या हातात देल्ला. मी अर्धा चमचा नाही, वाटीभर खाल्ली. मीठ थोडं कमी होतं, टाकलं. घंट्याभरानं पोटात कळ आली, चांगली आली. पोट अजून आपल्याच मनाचं हाय, कवा रुसन सांगता येत नाही. मॅडम म्हनते तेवढे महिने काढीन. पन रजिस्टरवर जी सही केली ती खरी केली.

मंग लेकरं बसली. पंचावन्नातली सात जन डबे घेऊन आलती. भिंतीकडं तोंड करून बसली. त्यात बबनरावचा नातू हाय, पह्यलीतला. त्याले तं दोन हजार सोळा माहीत बी नाही, तवा तो जन्मला नव्हता. घरून सांगतलं असन, आजारी बाईच्या हातचं खाऊ नको. आता हे आजारासाठी हाय का दुसऱ्या कशासाठी, मले ओळखू येत नाही. त्या लेकराइले बी येत नसन. आधी मले निदान माहीत होतं, कायच्यापुढं उभी आहो ते.

मी त्या सातांच्या वाट्याची बी शिजवते. दीड वर्ष लागलं होतं तवा. आता मी एकोनपन्नासची आहो, पोट असं. पाहू.

मिटिंगनंतरच्या पत्रात तू माफी तीनदा लिहिली. माफ केलं म्हनून लिहिनं सोपं हाय, पन ते आलं की लिहीन, उगीच कशाचा उतारा करत नाही. येनं-जानं बंद करू नको. तू येऊन शाळेत उभा राह्यला, हे मी विसरनार नाही. चार घरच्यांचा अर्ज मी सोसला होता, कारन तो त्याइचा होता. ह्या अर्जाखाली तुही सही होती, हे बी नाही विसरनार.

यापुढं माह्यासाठी काही लिहिशीन तं आधी मले वाचाले दे. मी सातवी पास आहो, प्रफुल्ल. तुले अ, आ, इ मीच शिकवलं होतं.

तुही बाई,
कांता